गहाणवटीचा रस्ता

21 मे 1853 रोजी हैदराबादच्या निजामाने, नासिर-उद्-दौलाने, एका तहावर सही केली आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. लढाई झाली नाही, कुणी वेढा घातला नाही. हिशेब थकला होता, एवढंच. हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज इंग्रज अधिकारी चालवत आणि तिचा पगार निजामाच्या नावावर चढत असे. थकबाकी चाळीस लाखांच्या वर गेल्यावर गव्हर्नर जनरल डलहौसीने वसुलीचा तगादा लावला. रोकड नव्हती, तेव्हा मुलूख तोडून द्यावा लागला. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव कंपनीकडे गेले. कागदावर मालकी निजामाची राहिली, वसुली मात्र कंपनीची.

ही कंपनी म्हणजे अर्थात ईस्ट इंडिया कंपनी. पण मालकी सरकारची आणि वसुली कंपनीची, हे सूत्र धाराशिव जिल्ह्याच्या वाट्याला पुन्हा येणार होतं. तेव्हा गहाण पडला होता अख्खा मुलूख. पुढच्या खेपेला त्या मुलखातून जाणारे रस्ते पडले.

नव्या मुलखाचा कारभार पाहायला नळदुर्गला आला कॅप्टन फिलिप मेडोज टेलर. ठगांवरच्या कादंबरीने तो विलायतेत आधीच गाजला होता. 1857च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला आणि त्याची बक्षिसी म्हणून 1860 साली धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले. वऱ्हाड परत मिळालं नाही. म्हणजे धाराशिवची गहाणवट सात वर्षांत सुटली. हा सात वर्षांचा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा.

तहाच्या दोनच वर्षं आधी, 1851 साली, कंपनी सरकारने आठव्या क्रमांकाचा एक छोटेखानी कायदा केला होता, सार्वजनिक रस्त्यांवर आणि पुलांवर टोल घेण्याचा. आजच्या टोलच्या शंभर पानी करारांपुढे तो चिठ्ठीसारखा वाटतो, पण सगळी गोम त्यात आलेली आहे. सरकारी खर्चाने केलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या रस्त्यावर सरकारला योग्य वाटेल तो टोल लावता येईल, आणि तो गोळा करायचं काम सरकारला योग्य वाटेल त्या माणसांकडे सोपवता येईल. पैसे न देणाऱ्याची गाडी किंवा जनावर अडकवून ठेवता येईल. फौजेला माफी. एक कलम तर आजही मोठ्याने वाचावं असं आहे: नाक्याजवळ दरांचा तक्ता ठळक जागी लावायचा, इंग्रजीत आणि जिल्ह्याच्या भाषेतही, आणि त्याच्याखाली शिक्षाही लिहायच्या. टोल चुकवणाऱ्याची शिक्षा तर लिहायचीच, शिवाय जादा टोल घेणाऱ्याचीही. 175 वर्षांपूर्वीच्या त्या कायदेकर्त्याला नाक्यावरचा माणूस चांगला ठाऊक असावा.

वसुली दुसऱ्याकडे सोपवायची ही सोय म्हणजे मक्ता. पुढे 1875 साली मुंबई इलाख्याने रस्ते आणि पुलांवरच्या टोलसाठी स्वतःचा कायदा केला. धाराशिव मात्र इलाख्याबाहेर, निजामाच्या राज्यात होतं. तिथे रस्त्यावर भेटायची ती करोडगिरी.

करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. 1802च्या व्यापारी तहाने ती मालाच्या किमतीच्या पाच टक्क्यांवर बांधून दिली होती. सोलापूर आणि बार्शी इंग्रजी अमलात, तुळजापूर, कळंब, परंडा मोगलाईत. त्यामुळे या भागातल्या माणसाच्या रोजच्या व्यवहारातून एक आंतरराष्ट्रीय सीमा जात होती. बार्शीच्या बाजारात धान्य विकून घरी लुगडं घेऊन येणाऱ्यालाही नाका चुकत नसे. 1947-48मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या स्टेट काँग्रेसने सीमेलगत कॅम्प उभे केले, तेव्हा तिथल्या तरुणांनी हल्ल्यासाठी जी ठिकाणं निवडली त्यांत करोडगिरी नाके पुढे होते. यात आश्चर्य काहीच नाही. सामान्य माणसाला सरकार भेटतं ते नाक्यावरच. 13 सप्टेंबर 1948ला सोलापूरहून हैदराबादवर निघालेली भारतीय फौज पहिल्याच दिवशी नळदुर्गला पोचली. ज्या सोलापूर–हैदराबाद रस्त्याने ती गेली आणि ज्यावरचा बोरी नदीचा पूल तिने आधी हाती घेतला, तो रस्ता पुढे राष्ट्रीय महामार्ग 9 झाला. आता त्याचा क्रमांक 65 आहे आणि त्यावर फुलवाडीला टोलनाका आहे.

इथे थोडं वाकडं वळण घेऊन तेरला जाऊन यायला हवं. धाराशिव तालुक्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे शहर असल्याचं लिहिलंय. इथलं कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जाई. घाटमाथ्यावर नाणेघाटात जो दगडी रांजण आजही ट्रेकर मंडळी दाखवतात, तो जकातीचा अशी लोकांची पक्की समजूत आहे. रांजण खरंच जकातीचा होता की नाही, यावर अभ्यासकांना वाद घालू द्यावा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडाला लोकांनी पहिलं नाव दिलं ते टोलचं, यात लोकांचा अनुभव बोलतो.

खाजगी भांडवलाने वाहतूक आणि सरकारने दिलेली मुभा, हा मेळ या जिल्ह्याने रस्त्याच्या आधी रुळांवर पाहिला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे 1897 साली कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धावू लागली. अडीच फुटी रूळ, लंडनमध्ये उभी केलेली कंपनी. पुढे हाच फाटा निजामाच्या हद्दीत शिरून येडशीवरून 1911 साली लातूरला पोचला. कापूस, धान्य आणि पंढरीचे वारकरी यांवर ही कंपनी जगली. 1954 साली सरकारने ती विकत घेतली. सत्तावन्न वर्षं. खाजगी मुभेचा हा जिल्ह्यातला पहिला मोठा हिशेब, आणि तो सरकारला शेवटी पैसे मोजूनच मिटवावा लागला. ही गोष्टही पुढे कामाला येईल.

आता कायद्याकडे. मोटारी आल्या, तसा रस्त्यांचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न देशभर उठला. 1927 साली त्यावर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. जयकर समितीने सुचवलेला मार्ग साधा होता: पेट्रोलवर कर लावा आणि त्यातून रस्त्यांसाठी निधी उभारा. 1929 साली असा रस्ते निधी सुरू झाला. मुंबई इलाख्याने 1935 साली मोटार वाहन कराचा कायदा केला. या विचारामागे सरळ सौदा होता. मोटारवाल्याने वर्षाचा कर एकदाच भरायचा आणि मग त्याला कोसाकोसावर अडवायचं नाही. नाक्यावर थांबवून पैसे घेणं ही बैलगाडीच्या काळातली पद्धत, मोटारीला ती परवडणार नाही, असं तेव्हाच्या शहाण्यांचं मत होतं.

1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. या नव्या, सौराष्ट्रापासून विदर्भापर्यंत पसरलेल्या राज्यात मोटार कराचे कायदे भागाभागाने वेगळे होते. त्यांची एकच मोट बांधणारा मुंबई मोटार वाहन कर कायदा 1958 साली झाला. त्यातलं कलम 20 म्हणजे जुन्या सौद्याची आठवण. 1875च्या टोल कायद्यात काहीही म्हटलेलं असलं तरी मोटारींवर टोल आकारायला आडकाठी, असा त्याचा मूळ रोख.

महाराष्ट्रातल्या टोलची सगळी इमारत उभी आहे ती याच कलमावर.

मनाई करणाऱ्या कलमातच दुरुस्त्या होत गेल्या. आधी मोठ्या पुलांसारख्या खर्चिक कामांसाठी अपवाद आला. मग ज्या माणसाने किंवा कंपनीने सरकारशी करार करून स्वतःच्या पैशाने रस्ता, पूल, बोगदा किंवा वळणरस्ता बांधला, त्याला ठरलेल्या मुदतीपर्यंत टोल घेऊन तो स्वतःकडे ठेवण्याची परवानगी आली. मराठीत याला ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ असं भारदस्त नाव मिळालं, बोलताना बीओटी. दार बंदच राहिलं आणि त्यातच एक खिडकी पाडली गेली. पुढे सगळी रहदारी खिडकीतूनच सुरू झाली.

इतर राज्यांनी निराळी वाट धरली. गुजरातने 1999 साली पायाभूत सुविधांसाठी स्वतंत्र कायदा केला, आंध्र प्रदेशाने 2001 साली, पंजाबने 2002 साली. खाजगी भागीदार कसा निवडायचा, मंडळ कोणतं, सरकारची हमी किती, हे तिथे विधिमंडळात चर्चेला आलं. ते कायदे फार आदर्श होते असं नव्हे. पण प्रश्न निदान नावाने सभागृहात आला. महाराष्ट्रात त्या काळात कर कायद्यातलं एक कलम, त्याखालच्या अधिसूचना आणि सार्वजनिक बांधकाम खात्याचे शासन निर्णय यांवर काम चालत राहिलं. आमदाराला आपल्या मतदारसंघातला टोलनाका कळायचा तो बहुधा नाक्याचे खांब उभे राहिल्यावर. ज्या राज्याने देशात सर्वांत धडाक्याने टोलचे रस्ते केले, त्याने त्यावरचा वाद मात्र सभागृहात घालायचं टाळलं. तो वाद मग रस्त्यावर झाला.

धडाका होता, हे नाकारून चालणार नाही. 1996 साली महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं, तेव्हा बांधकाम मंत्री होते नितीन गडकरी. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासाठी रिलायन्सने 3,600 कोटींची निविदा भरली होती. सरकारने ती नाकारली, महामंडळाने बाजारातून रोखे काढून पैसा उभा केला आणि निम्म्याहून कमी खर्चात रस्ता केला. 2002 साली तो पूर्ण झाला. खाजगी बिल्डरशिवायही रस्ता होतो, हे सिद्ध करणारं राज्यातलं सर्वांत मोठं उदाहरण ते हेच. पण कर्ज फेडायचं होतं. म्हणून 2004 साली त्याच रस्त्याच्या पंधरा वर्षांच्या टोलवसुलीचा हक्क आयआरबी कंपनीला 918 कोटी एकरकमी घेऊन देण्यात आला. पुढची वसुली 2020 साली पुन्हा त्याच कंपनीला मिळाली, या वेळी दहा वर्षांसाठी 8,262 कोटींना. दोन आकड्यांमधलं अंतर फक्त महागाईचं नाही. पहिल्या वेळी गाड्या किती वाढतील याचा अंदाज कुणी किती खाली धरला होता, तेही त्यातून दिसतं.

मक्त्याच्या व्यवहारात सगळी मेख असते ती या अंदाजात. गाड्या कमी धरल्या तर मुदत लांबते, जास्त धरल्या तर कंपनी बुडते आणि बँकांचे पैसे अडकतात. अंदाज कुणी केला, कसा केला, हे टोल भरणाऱ्याला कधी कळत नाही. दिल्ली–नोएडा उड्डाणमार्गाच्या करारात तर कंपनीला वर्षाला 20 टक्के परतावा ठरवून दिला होता आणि तो न मिळाल्यास मुदत आपोआप पुढे सरकत होती. रहदारी वाढली तरी येणं फिटेना! अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2016 साली तो टोल बंद केला, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं.

महाराष्ट्रात भडका उडाला तो कोल्हापुरात. शहरातल्या सुमारे 50 किलोमीटर रस्त्यांचं 220 कोटींचं काम आणि त्यासाठी शहराच्या वेशीवर 30 वर्षांचा टोल. भाजी आणायला गावाबाहेर गेलेल्या माणसाने घरी परत येताना टोल भरायचा, हे करवीरकरांच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी, आयुष्यभर रस्त्यावरच्या लढाया लढलेली माणसं पुढे होती. जानेवारी 2014मध्ये नाके पेटवले गेले. एकोणिसाव्या शतकात वेल्समध्ये शेतकरी बायकांचे झगे घालून, तोंडाला काजळी फासून रात्री टोलची फाटकं तोडायला निघत, त्या ‘रिबेका’ दंगलींची आठवण व्हावी असा तो प्रकार होता. फरक इतकाच की कोल्हापुरात कुणी तोंड लपवलं नाही. डिसेंबर 2015मध्ये सरकारने तो टोल कायमचा बंद केला आणि कंपनीचं देणं स्वतःवर घेतलं. बार्शी लाइटचाच न्याय, फक्त तो लवकर लागला.

त्या दोन वर्षांत टोलमुक्तीचा सपाटाच लागला. 2014 साली पृथ्वीराज चव्हाण सरकारने राज्यातले 44 नाके बंद केले. निवडणुकीनंतर आलेल्या देवेंद्र फडणवीस सरकारने 1 जून 2015 पासून 12 नाके बंद करून 53 नाक्यांवर मोटारी आणि एस.टी. यांना सूट दिली. ऑक्टोबर 2024मध्ये, पुन्हा निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही वेशींवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. प्रत्येक वेळी पेढे वाटले गेले. प्रत्येक वेळी कंपन्यांची भरपाई तिजोरीतून गेली, म्हणजे ज्याच्याकडे मोटार नाही त्याच्याही खिशातून. सरकारने मग राज्यमार्गांसाठी हायब्रीड ॲन्युइटी नावाचा मार्ग काढला: खर्चाचे 60 टक्के सरकार बांधकामाच्या काळातच देणार, उरलेले 40 टक्के कंत्राटदार घालणार आणि सरकार ते दहा वर्षांत हप्त्यांनी फेडणार. नाका नाही, पावती नाही. गहाणवट तीच, फक्त आता गहाण पडला तो राज्याचा अर्थसंकल्प.

या सगळ्या टोलमुक्तीत धाराशिव जिल्ह्याच्या महामार्गांना काय मिळालं? काहीही नाही. आणि त्याचं कारण पुन्हा कायद्यात आहे.

राज्य सरकारला बंद करता येतात ते स्वतःच्या कलम 20 खालचे नाके. धाराशिवमधून जाणारे दोन्ही मोठे रस्ते राष्ट्रीय महामार्ग आहेत, आणि त्यांचा कायदा दिल्लीचा, 1956 सालचा. त्यात 1995 साली कलम 8-अ घातलं गेलं आणि खाजगी कंपनीला महामार्ग बांधून त्यावर शुल्क घेण्याची वाट उघडली. ‘टोल’ हा शब्दही तिथे नाही, ‘फी’ आहे. दर ठरतात 5 डिसेंबर 2008च्या केंद्रीय नियमांनी. म्हणून मुंबईत टोलमाफीची घोषणा झाली की जिल्ह्यातल्या तामलवाडीच्या नाक्यावर काही हलत नाही.

2014 हे वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. कोल्हापुरात ज्या कंपनीचे नाके जळत होते, त्याच आयआरबीला त्याच वर्षी जुन्या राष्ट्रीय महामार्ग 211चे दोन टप्पे मिळाले. एक सोलापूर–तुळजापूर–धाराशिव–येडशी, सुमारे 99 किलोमीटर, मुदत 29 वर्षं. दुसरा येडशी ते औरंगाबाद, सुमारे 189 किलोमीटर, मुदत 26 वर्षं, खर्च तीन हजार कोटींच्या वर. दुसऱ्या टप्प्याला केंद्राने साडेपाचशे कोटींच्या आसपास अनुदान दिलं. व्यवहार्यता तफावत निधी हे त्याचं सरकारी नाव. सरळ मराठीत सांगायचं तर नुसत्या टोलवर रस्ता परवडत नव्हता, म्हणून सरकारने पदरचे पैसे घातले. मराठवाड्यातल्या रस्त्यावर पुणे-मुंबईइतक्या गाड्या कुठून येणार? 2018 साली सोलापूर–येडशी टप्प्यावर वसुली सुरू झाली.

दोन वर्षांनी व्यवहार आणखी दूर गेला. आयआरबीने हे दोन्ही रस्ते देशातल्या आणखी सात रस्त्यांबरोबर एका ट्रस्टमध्ये घातले आणि त्या ट्रस्टचा 49 टक्के हिस्सा सिंगापूर सरकारच्या जीआयसी या गुंतवणूक संस्थेने घेतला. म्हणजे येडशीच्या नाक्यावर भूमच्या खव्याचा टेम्पो जो टोल भरतो, त्यातला काही भाग सिंगापूरच्या गंगाजळीत जातो. यात बेकायदा काही नाही. ज्याच्याकडे भांडवल आहे तो ते गुंतवणार आणि परतावा घेणार. लोकांना वाटतं आपण रस्त्याचे पैसे भरतो. खरं तर आपण रस्त्यावर काढलेल्या कर्जाचे हप्ते भरतो.

दर कसा निघतो, ते एकदा बोटांवर मोजून पाहायला हरकत नाही. 2008च्या नियमांत चौपदरी रस्त्यासाठी मोटारीला किलोमीटरमागे 65 पैसे, बस आणि दोन आसांच्या ट्रकला 2 रुपये 20 पैसे हा पाया धरला आहे, आणि तो 2007-08 सालचा. त्यावर दरवर्षी सरळ तीन टक्के वाढ. शिवाय घाऊक किमतींचा निर्देशांक जेवढा चढेल त्याच्या 40 टक्के. 99 किलोमीटरला 65 पैशांनी मोटारीचे मुळात होतात 64 रुपये आणि वर काही पैसे, बाकीचं सगळं वाढीचं. दर 1 एप्रिलला नवा तक्ता लागतो. वर्तमानपत्रात ‘टोल पुन्हा महागला’ अशी बातमी येते ती दरवर्षी त्याच तारखेला यायची असते, कारण ती 2008 सालीच छापून ठेवलेली आहे.

नियमांत माफीही आहे. दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर, मळणीयंत्र आणि जनावरांच्या गाड्या यांना शुल्क नाही. गळीत हंगामात तामलवाडी किंवा पारगावच्या नाक्यावर उभं राहिलं तर चित्र बघण्यासारखं असतं. कडेच्या लेनमधून दोन-दोन ट्रॉल्या ओढत उसाचा ट्रॅक्टर निघालेला, मागे लाल कापडाची चिंधी बांधलेली, टेपवर गाणी मोठ्याने. शेजारच्या लेनमध्ये फास्टॅग वाचला जात नाही म्हणून ट्रॅव्हल्सचा क्लीनर खाली उतरलेला आणि पाठीमागे हॉर्नचा गजर. फेब्रुवारी 2021पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि सुट्ट्या पैशांवरून होणारी रोजची भांडणं संपली. त्यांच्या जागी आता स्कॅनरवरून होतात. 1851च्या कायद्याने सांगितलेला दरांचा तक्ता मात्र अजून आहे, मराठीतही आहे, फक्त ताशी 80 किलोमीटरच्या वेगात तो कुणी वाचत नाही.

वर्षातून एकदा या रस्त्यावर गाड्यांचं राज्य संपतं. कोजागरीच्या सुमारास सोलापूर आणि कर्नाटकातून लाखो माणसं तुळजापूरला पायी निघतात, कित्येक अनवाणी. सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरची वाहतूक तेव्हा दुसरीकडे वळवली जाते. रात्रभर ‘आई राजा उदो उदो’चा गजर करत माणसांचा लोंढा नाक्यातून पार होतो. पायी जाणाऱ्याला टोल नाही. चौपदरी रस्त्यावर झोळी टेकून विसावा घेणाऱ्या बाईला बीओटीचा करार, सिंगापूर आणि कलम 8-अ यांच्याशी काही देणंघेणं नसतं. रस्ता तिच्या लेखी देवीचा.

दुसऱ्या महामार्गाची, जुन्या 9 क्रमांकाची, कथा अशी सुरळीत नाही. सोलापूर ते कर्नाटक सीमा हा नळदुर्ग आणि उमरग्यावरून जाणारा सुमारे 100 किलोमीटरचा टप्पा खाजगी भागीदारीतच चौपदरी व्हायचा होता. काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. फुलवाडी आणि तलमोड इथे नाके उभे राहिले, वळणरस्त्यांची आणि पुलांची कामं मात्र मागे राहिली. अर्धवट रस्त्यावर टोल कसा, हा उमरग्याच्या माणसाचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर संतापजनक असलं तरी कायदेशीर आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या ठरीव करारनाम्यात पाऊण लांबी तयार झाली की तात्पुरता पूर्णत्वाचा दाखला देता येतो, आणि दाखला मिळाला की वसुली सुरू. राहिलेला पाव भाग नेमका गावाजवळचा, वळणाचा, भूसंपादनात अडकलेला असतो. माणसं तिथेच अडकतात, तिथेच मरतात. ऑगस्ट 2025मध्ये केरळ उच्च न्यायालयाने पालियेक्करा नाक्यावरचा टोल रस्ता धड नाही म्हणून थांबवला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. चालता येत नाही अशा रस्त्याचे पैसे मागू नका, इतकं साधं म्हणणं मान्य व्हायला 2025 उजाडावं लागलं.

फुलवाडीच्या नाक्यापासून जवळच नळदुर्गचा किल्ला आहे. बोरी नदीवर आदिलशाहीत बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल पाहायला पावसाळ्यात झुंबड उडते. हा किल्लाही 2014 साली राज्य सरकारने संगोपन योजनेखाली सोलापूरच्या एका खाजगी कंपनीकडे दहा वर्षांसाठी सोपवला. बागा झाल्या, नावा आल्या, तिकीट लागलं. मेडोज टेलर ज्या गावातून गहाण मुलखाचा कारभार हाकत होता, तिथे किल्ला एका कराराखाली गेला आणि रस्ता दुसऱ्या कराराखाली. टेलरला हे चमत्कारिक वाटलं नसतं.

आता पवनारहून गोव्याच्या पत्रादेवीपर्यंत जाणारा सुमारे 800 किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग तुळजापूरला जोडून आखला आहे. तो रस्ते विकास महामंडळाचा, म्हणजे राज्याचा आहे. भूसंपादन 1955च्या महाराष्ट्र महामार्ग कायद्याखाली, आणि जून 2025मध्ये मंत्रिमंडळाने त्यासाठी 20,787 कोटींची तरतूद मंजूर केली. कोल्हापूरपासून मराठवाड्यापर्यंत शेतकऱ्यांचा विरोध चालू आहे, आणि तो मुख्यतः जमिनीचा आहे. टोल किती वर्षं, कुणाकडे, कोणत्या अंदाजावर, हे प्रश्न आत्ता विचारायचे असतात. जिल्ह्याच्या आमदारांनी ते अधिवेशनात विचारावेत, नाक्याचे खांब उभे राहिल्यावर नव्हे.

रस्त्याचे पैसे वसूल झाले की टोल बंद होतो, अशी समजूत धाराशिवच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते. 2008च्या नियमांत तसं नव्हतं. मुदत संपल्यावर दर 40 टक्क्यांवर आणून सरकारने वसुली चालू ठेवायची, असं तिथे म्हटलं होतं, आणि 2023च्या दुरुस्तीने ती कपातही गेली. शिवाय गाड्या अंदाजापेक्षा कमी आल्या तर मुदत वाढवून देण्याचं कलम करारनाम्यात असतं. ते लागलं नाही असं धरलं, तर येडशी–औरंगाबाद रस्त्याची 26 वर्षं 2041 साली भरतात आणि सोलापूर–येडशीची 29 वर्षं 2044 साली.